हात म्हणजे 'हँड' नव्हे



गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा मला निरोप आला. हा मुलगा बेळगावात आमच्या मराठी शाळेत शिकला आणि आता रशियातील एका वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या मुलांना पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात. परंतु पुढच्या वर्षांत रुग्णालयात खाटेपाशी उभे राहावे लागते, आणि खाटेवर निजलेली आजीबाई काही इंग्रजी बोलत नसते. त्याने लिहिले होते : "बाई, आज माझी फार फजिती झाली. एक आजी म्हणाली, 'उ मिन्या बलीत रुका.' वाक्य मला पुरते कळले. 'रुका' म्हणजे 'हँड' आणि 'बलीत' म्हणजे दुखतो. मी तिचा तळवा धरला, एकेक बोट दाबून पाहिले. ती चिडली आणि तिने खांद्यावर थाप मारून दाखवली. मोठे डॉक्टर हसले. बाई, मला शब्द येत होता, तरी मी चुकलो कसा?"

शिक्षकाने ज्याचे उत्तर शोधलेच पाहिजे असा हा प्रश्न आहे. मुलाने अभ्यास केला नव्हता असे नाही. शेकडो शब्द त्याने पाठ केले होते, आणि 'रुका' हा तर पहिल्याच आठवड्यातला शब्द. चूक त्याच्या पाठांतरात नव्हती. ज्या भाषेच्या हातून तो शब्द त्याच्याकडे आला, तेथे ती झाली होती.

रशियन 'रुका' खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत पसरलेली असते. इंग्रजीत या अवयवाचे दोन तुकडे आहेत, मनगटाखालचा 'हँड' आणि मनगटावरचा 'आर्म'. कोशात 'रुका'पुढे हे दोन्ही शब्द दिलेले असतात, पण 'हँड' आधी असतो, आणि विद्यार्थी पहिला शब्द उचलून पुढे जातो. आता आपला मराठी शब्द पाहा. 'हात' म्हणजे तळहातही आणि सबंध बाहूही. हीच तक्रार या मुलाच्या घरच्या आजीने केली असती, तर तो सहज म्हणाला असता, "कुठं गं आजी, खांद्यात का मनगटात?" असे विचारावे लागते हे त्याला बाळपणापासून ठाऊक होते. रशियन शब्द आणि मराठी शब्द यांचे माप एकच होते. मध्ये इंग्रजी बसली होती, आणि निरोप पोचवताना तिने अर्धा हात कापून ठेवला.

पायाचेही तसेच. रशियन 'नगा' मांडीपासून पावलापर्यंत असते, जसा आपला 'पाय'. इंग्रजीला त्यासाठी 'लेग' आणि 'फूट' असे दोन शब्द लागतात. आणि बोट! रशियन 'पालेत्स' हाताचेही असते नि पायाचेही, आणि जरूर पडल्यास 'पालेत्स न नग्ये', म्हणजे शब्दशः 'पायावरचे बोट', असे म्हणतात. आपण 'पायाचे बोट' म्हणतो तेच हे. पोटाच्या बाबतीत गोष्ट उलटी होते. रशियनात 'झिवोत' म्हणजे पोट आणि 'झेलूदक' म्हणजे जठर. बोलीतल्या इंग्रजीत 'स्टमक' या एका शब्दात दोन्ही कोंबले जातात. मराठी मुलाला पोट आणि जठर यांतला भेद कोणी नव्याने शिकवायला नको. परंतु वहीत दोन्हीपुढे 'स्टमक' लिहिले की तो भेद त्याच्या हातून निसटतो.

आणखी एक शब्द सांगते, कारण तो मला विशेष आवडला. वरच्या वाक्यातले 'बलीत' हे रूप अवयवाविषयी वापरतात : डोके दुखते, दात दुखतो. माणसाविषयी बोलायचे तर 'बल्येयेत', म्हणजे तो आजारी आहे. कोशात दोन्हींचे मूळ रूप अक्षरशः एकच दिसते, त्यामुळे शिकणारा गोंधळतो. पण आपल्याकडे डोके 'दुखते' आणि माणूस 'दुखण्याने' अंथरुण धरतो, 'दुखणाईत' होतो. वेदना आणि आजार एकाच धातूच्या पोटातून निघाले आहेत. हे ध्यानात आले की ती दोन रूपे पुन्हा कधी एकमेकांत मिसळत नाहीत.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे, हे आधीच सांगून टाकते. मी रशियनची पंडिता नव्हे. शाळा सुटल्यावर, वह्या तपासून झाल्यावर, चार वर्षे ही भाषा मी घरी शिकते आहे, आणि अजून मधल्याच पायरीवर आहे. सुरुवात जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या नीना पोतापोवा यांच्या पाठ्यपुस्तकाने झाली. ते मॉस्कोत छापलेले आणि इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मॉस्कोहून आलेली, गुळगुळीत कागदाची मराठी बालपुस्तके होती. गोष्टी मराठीत आल्या, पण भाषा शिकवणारे पुस्तक हाती आले ते इंग्रजीतच. कोश घेतला तोही स्मिर्नीत्स्की यांचा रशियन-इंग्रजी, जो प्रथम १९४८ साली निघाला. तेव्हा इंग्रजीला मी शत्रू म्हणणार नाही. ती नसती तर दारच उघडले नसते. मात्र दार उघडणाऱ्याने उंबऱ्यातच उभे राहावे, हे काही बरे नव्हे.

ज्या मुलाची गोष्ट मी सांगितली, त्याला मी उलट विचारले, "तू त्या आजीला नेमके काय म्हणालास?" उत्तर आले, "पकाझी." म्हणजे 'दाखव'. तेव्हा ती का चिडली याचे दुसरे कारण मला समजले. रशियनात 'ती' आणि 'वी' अशी दोन संबोधने आहेत. या 'ती'चा आपल्या 'ती'शी संबंध नाही. तो आपला 'तू' आहे, आणि 'वी' म्हणजे 'तुम्ही'. परक्या वडीलधाऱ्या बाईला 'पकाझीत्ये', म्हणजे 'दाखवा', असेच म्हटले पाहिजे. इंग्रजीत दोहोंना एकच 'यू' आणि दोहोंना एकच 'शो'. बेळगावच्या बाजारात हा मुलगा अनोळखी म्हातारीला 'दाखव' म्हणाला असता का? कधीच नाही. इंग्रजीवरून रशियनात जाताना त्याच्या घरचे वळण वाटेत गळून पडले.

अशी स्थळे शोधू लागले तेव्हा ती इतकी सापडली की मला माझाच राग आला. 'मला आवडते' हे इंग्रजीत 'आय लाइक' होते, पण रशियनात पुन्हा 'म्न्ये न्रावित्सा', म्हणजे 'मला आवडते'च. थंडी वाजली तर रशियन माणूस 'मी थंड आहे' म्हणत नाही. 'म्न्ये खोलदना' म्हणतो, 'मला थंडी'. माझ्यापाशी पुस्तक आहे हे सांगताना तो पुस्तक 'बाळगत' नाही, ते 'माझ्यापाशी असते'. भूतकाळात 'तो आला, ती आली, ते आले' हे 'अन प्रिश्योल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो' असे होते. तिन्ही लिंगे जागच्या जागी आहेत. इंग्रज विद्यार्थ्याला क्रियापदाला लिंग असते हे पटवून देण्यासाठी पाठ्यपुस्तक पाने खर्च करते, आणि ती पाने आपणही मुकाट्याने, जणू आपल्यालाही हे नवीनच आहे अशा थाटात वाचत राहतो!

'स्वोय' हा शब्द घ्या. इंग्रजी कोश त्याच्यापुढे 'माझा, तुझा, त्याचा, तिचा, आमचा, स्वतःचा' अशी मोठी रांग लावतो आणि विद्यार्थी घाबरतो. मराठीत त्याला एकच शब्द पुरतो : 'आपला'. 'त्याने आपले पुस्तक घेतले' आणि 'त्याने त्याचे पुस्तक घेतले' यांत दुसऱ्या वाक्यात पुस्तक दुसऱ्या कोणाचे असू शकते, हे आपल्या कानाला लगेच जाणवते. रशियन कानालाही तसेच जाणवते. तेथे पहिल्यासाठी 'स्वोय' आणि दुसऱ्यासाठी 'येवो' लागतो. इंग्रजी वाक्यात मात्र पुस्तक कोणाचे हे शेवटपर्यंत कळत नाही.

नात्यांचे शब्द तर एक वेगळाच खजिना आहे. तॉलस्तॉय यांची 'आन्ना करेनिना' ही कादंबरी १८७५ ते १८७७ या काळात मासिकातून आली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती इंग्रजीतून किंवा इंग्रजीवरून झालेल्या मराठी रूपांतून वाचली. तिच्यात स्तीवा अब्लोन्स्की याचे लेविन आणि करेनिन हे दोघेही इंग्रजीत 'ब्रदर-इन-लॉ' ठरतात. वास्तविक लेविन त्याचा साडू आहे, कारण डॉली आणि किटी बहिणी. रशियनात साडू म्हणजे 'स्वयाक'. करेनिन त्याच्या बहिणीचा नवरा, म्हणून 'झ्यात'. तसेच आन्ना ही डॉलीची नणंद, 'झलोव्का'. आणि किटी ही स्तीवाची मेहुणी, 'स्वयाचेनित्सा'. इंग्रजीत दोघीही 'सिस्टर-इन-लॉ'. नणंद म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या मनात जे उभे राहते, ते 'सिस्टर-इन-लॉ'ने राहत नाही. नवऱ्याने डॉलीला दुखावले असताना तिची समजूत घालायला त्याचीच बहीण येते, म्हणजे नणंद भावजयीकडे येते, हा त्या पहिल्या प्रकरणांतला सारा ताण त्या एका नात्यात आहे.

नवऱ्याचा भाऊ, आपला दीर, रशियनात 'देवेर' आहे. आपला शब्द संस्कृत 'देवर'वरून आला आणि त्यांचा त्याच जुन्या मुळापासून. 'सासरा' आणि 'सासू' यांच्या मागे 'श्वशुर' आणि 'श्वश्रू' आहेत, तर नवऱ्याच्या आईबापांना रशियनात 'स्व्योकर' आणि 'स्विक्रोव' म्हणतात. मात्र बायकोच्या आईबापांना तेथे अगदी निराळे शब्द आहेत, 'त्येस्त' आणि 'त्योश्शा'. आपण दोन्हीकडे सासू-सासरेच म्हणतो. उलट आपल्या 'मेहुण्या'त बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा असे दोघे मावतात, तर रशियनात बायकोचा भाऊ 'शूरिन' म्हणून वेगळा काढलेला आहे. तेव्हा दोन्ही भाषांच्या चौकटी अगदी तंतोतंत बसतात असे समजू नये. शिवाय यातले काही शब्द शहरी तरुण रशियनांनाही आता चटकन आठवत नाहीत. 'नवऱ्याचा भाऊ' असे सरळ सांगून ते मोकळे होतात. आपल्याकडे 'अंकल-आंटी'ने काय केले आहे ते मी सांगायला नको.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. संस्कृताशी जुळणारे शब्द सापडू लागले की माणसाला त्यांची चटक लागते. 'दार' आणि 'द्वेर', 'सुका' आणि 'सुखोय', 'नवा' आणि 'नोवी', 'मध' आणि 'म्योद'. अस्वलाला तर रशियनात 'मेद्व्येद' म्हणतात, म्हणजे 'मध खाणारा'. आणि 'साखर' रशियनातही 'साखर'च आहे. आपल्या शर्करेपासून निघून ग्रीकांच्या वाटेने तेथे पोचलेली. हे सारे खरे आहे आणि आनंदाचे आहे. पण बाजारात 'अर्बूस' मागितलात तर खरबूज मिळणार नाही, कलिंगड मिळेल, जरी तो शब्द फारसीतील 'खरबुजा'वरूनच गेला आहे. 'आ'ने संपणारे नाम आपल्याला 'घोडा', 'आंबा' यांच्यामुळे पुल्लिंगी वाटते. रशियनात ते बहुधा स्त्रीलिंगी असते. तेथे 'भाषा', 'विद्या', 'शाळा' आठवाव्यात. आणि 'जाणे' या क्रियापदापाशी मराठीचा काहीच उपयोग होत नाही. पायी जाणे 'इत्ती' आणि गाडीने जाणे 'येखात', शिवाय नेहमी जा-ये करण्याची रूपे आणखी वेगळी. इंग्रजी 'गो' जितका अपुरा, तितकाच आपला 'जा'ही. तो विषय निव्वळ सरावाचा आहे.

वारांच्या नावांतही दोन्ही भाषा आपल्याला उपाशी ठेवतात. 'फ्तोर्निक'पुढे 'ट्यूझडे' लिहा किंवा 'मंगळवार' लिहा, त्या शब्दात 'दुसरा' हा अर्थ आहे हे कळत नाही. 'चित्व्येर्क' चौथा, म्हणजे गुरुवार. 'प्यात्नित्सा' पाचवी, म्हणजे शुक्रवार. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या वृद्धांना हे मोजलेले वार परके वाटणार नाहीत. फक्त पोर्तुगीज मोजणी रविवारपासून सुरू होते, म्हणून तेथे मंगळवार 'तिसरा' ठरतो. आणि रशियन रविवार, 'वस्क्रिसेन्ये', म्हणजे पुनरुत्थान. मी दर रविवारी मिस्साला जाते. तरीही त्या शब्दाचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला, कारण माझ्या वहीत त्याच्यापुढे 'संडे' एवढेच होते.

सर्वांत कठीण मानला जाणारा भाग क्रियापदांच्या जोड्यांचा. रशियनात बहुतेक क्रिया दोन रूपांत असतात. 'पिसात' आणि 'नपिसात', 'चितात' आणि 'प्रचितात'. इंग्रजी कोश पहिल्या दोहोंपुढे 'लिहिणे' आणि दुसऱ्या दोहोंपुढे 'वाचणे' या अर्थाचा एकेकच शब्द देतो. मी महिनोन्महिने जोडीतला एकच शब्द पाठ करीत होते आणि दुसरा निरर्थक समजून सोडीत होते! पुढे कधीतरी स्वयंपाकघरात आमच्या घरच्या माणसांना मी म्हणाले, "तेवढे दूध पिऊन टाका," आणि माझे मलाच हसू आले. 'पिणे' आणि 'पिऊन टाकणे', 'वाचणे' आणि 'वाचून काढणे', 'लिहिणे' आणि 'लिहून काढणे'. क्रिया चालली आहे का तडीला गेली आहे, हे सांगण्याची सोय आपल्यापाशी आहे, आणि आपण ती दिवसातून पन्नासदा वापरतो. तंतोतंत तीच गोष्ट आहे असे मी म्हणत नाही. रशियनातले पहिले रूप नुसते 'हे कधी झाले होते का' एवढे विचारण्यासाठीही येते, आणि मराठीत 'टाकणे', 'काढणे' यांच्यावाचूनही काम पुरे होते. परंतु निदान पाय ठेवायला जागा मिळते.

या जोडीचे मोल दवाखान्यात कळते. 'वी प्रिनिमाली लिकार्स्त्वा?' म्हणजे 'तुम्ही औषध घेत होता का, कधी घेतले होते का?' आणि 'वी प्रिन्याली लिकार्स्त्वा?' म्हणजे 'ते औषध घेऊन झाले का?' दोन्ही क्रियापदांपुढे इंग्रजी वहीत 'टू टेक'. समजा रुग्णाने एका प्रश्नाला होकार दिला आणि ऐकणाऱ्याने तो दुसऱ्या प्रश्नाचा मानला. तर तो मनुष्य मात्रा दोनदा घेईल किंवा एकदाही घेणार नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी हे लिहिले तेव्हा त्याने उत्तरात एवढेच लिहिले, "बाई, आजच वहीत दुरुस्त करतो."

इंग्रजीमुळे होणारी दुसरी फसगत उघड आहे, म्हणून थोडक्यात सांगते. 'मगझीन' म्हणजे दुकान; वाचायचे मासिक ते 'झुर्नाल'. 'फमीलिया' म्हणजे आडनाव, कुटुंब नव्हे. गोव्यात मोरजीच्या बाजूला रशियन पाहुण्यांसाठी दुकानांवर त्यांच्या लिपीतल्या पाट्या दिसतात. तेथे इंग्रजी डोळा पुन्हा धोका देतो, कारण इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे अक्षर 'र' आहे, 'एच'सारखे दिसणारे 'न' आणि 'सी'सारखे दिसणारे 'स'. अशी पाटी इंग्रजी समजून वाचणारा उपाहारगृहाला 'पेक्टोपा' म्हणतो.

आता मी काय करते ते सांगते. माझ्या वहीत तीन रकाने आहेत. डावीकडे रशियन, मध्ये इंग्रजी, उजवीकडे मराठी. पहिल्या वर्षी उजवा रकाना जवळजवळ कोरा होता. हल्ली नियम असा ठेवला आहे की शब्द एखाद्या रशियन वाक्यात भेटल्याशिवाय त्याचा मराठी अर्थ लिहायचा नाही, आणि मराठी अर्थ मनाला पटला की मधल्यावर बारीक रेघ ओढायची. क्रियापद एकटे लिहायचे नाही, जोडीने लिहायचे. जेथे मराठी कमी पडते, तेथे एक फुली मारते आणि मधला शब्द तसाच राहू देते; शास्त्रीय परिभाषेत तर तो बहुधा राहतोच. आता अझेगोव यांचा रशियनातूनच अर्थ सांगणारा कोश उघडण्याचे धाडस मी अधूनमधून करते. एका शब्दासाठी चार शब्द शोधावे लागतात, आणि संध्याकाळ संपते.

विद्यार्थ्यानेही तशी वही सुरू केली आहे. मागच्या महिन्यात त्याने एक शब्द पाठवला, 'सूत्की'. औषधाच्या चिठ्ठीवर 'सूत्कीत तीन वेळा' असे लिहिलेले असते, आणि डॉक्टरांची पाळीही 'सूत्की'ने मोजतात. त्याच्या कोशात अर्थ 'डे' असा होता. म्हणून त्याने समजून घेतले होते की सकाळी जायचे आणि संध्याकाळी सुटायचे. प्रत्यक्षात तो दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीवर परतला. उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा दिवस रशियनात 'द्येन' आहे. 'सूत्की' म्हणजे दिवस आणि रात्र मिळून चोवीस तास. त्याने मला विचारले, "याला मराठीत काय लिहू?" मी म्हटले, आजोबांच्या पंचांगात पाहा. त्याने उजव्या रकान्यात 'अहोरात्र' लिहिले, आणि मधला रकाना कोरा ठेवला.